पन्नास शब्दांचें शुद्धलेखन



शाळेंत शुद्धलेखन घालणें हा पंतोजींचा जुना हक्क आहे. मास्तरांनीं संथपणें उतारा वाचावा, मुलांनीं तो पाटीवर उतरवून घ्यावा, मग पाट्यांची अदलाबदल होऊन चुका मोजल्या जाव्या, हा क्रम आपणांपैकीं बहुतेकांच्या अंगवळणीं पडलेला असेल. मींहि माझ्या नोकरींत हजारों मुलांना शुद्धलेखन घातलें आहे. परंतु मुलाला जी भाषा येत नाहीं ती आधीं हुडकून काढावी, मुद्दाम त्याच भाषेंतला उतारा त्याला घालावा, आणि तो लिहितां आला नाहीं म्हणून त्याला सहा महिने तुरुंगांत पाठवावें, असें शुद्धलेखन मीं कधीं घातलें नाहीं. तसें शुद्धलेखन या जगांत अर्धशतकाहून अधिक काळ रीतसर कायद्यानें घातलें जात होतें. त्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

परदेशीं निघालेल्या माणसाच्या खिशांत आज पासपोर्ट असतो, त्यांत व्हिसा असतो, आणि तो मिळविण्यासाठीं भरलेल्या अर्जांच्या नकलांचें एक बाड असतें. पूर्वीं हें कांहींच नव्हतें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हां त्यांना जातभाईंच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरें द्यावीं लागलीं. अमेरिकेच्या बंदरांत त्यांच्याजवळ व्हिसा कोणीं मागितला नाहीं. आपल्या देशांत पासपोर्टची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, आणि तिला कायमचें रूप मिळालें तें १९२० च्या पासपोर्ट कायद्यानें. मग या दोन काळांच्या मध्यें नको असलेल्या माणसाला दारांतून परत कसें पाठवीत? आणि तो माणूस आपल्याच साम्राज्याचा प्रजाजन असला, त्याला समान वागणुकीचें वचन आधींच देऊन ठेवलेलें असलें, तर?

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नाताळ नांवाची इंग्रजांची वसाहत होती. तेथील उंसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८६० पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यांत येऊं लागले. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचें आमच्या लोकांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें आणि हे लोक गिरमिटिये झाले. त्यांच्या मागून स्वतःच्या खर्चानें व्यापारी गेले, त्यांत गुजराथेंतील मुसलमानांचा भरणा मोठा होता. करार संपलेल्या मजुरांनीं तेथेंच भाजीपाल्याची शेती धरली, व्यापाऱ्यांनीं गांवोगांव दुकानें थाटलीं. हिंदी माणूस मजूर म्हणून हवा होता. शेजारी म्हणून आणि प्रतिस्पर्धी म्हणून तो डोळ्यांत सलूं लागला.

१८९३ मध्यें नाताळला स्वराज्याचे अधिकार मिळाले. अर्थात् ते तेथील गोऱ्यांना मिळाले. त्यांनीं पहिला घाव घातला तो मताधिकारावर. आशियांतून आलेल्यांना मत नाहीं, असा उघड कायदा १८९४ मध्यें पुढें आला. एका दाव्याच्या कामासाठीं तेथें गेलेले तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी यांनीं त्याविरुद्ध अर्जांची मोहीम उघडली, आणि लंडनच्या वसाहतखात्यानें त्या कायद्यास संमति दिली नाहीं. हें औदार्य कशामुळें? १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानें हिंदी प्रजेला इतर प्रजेच्या बरोबरीनें वागविण्याचें अभिवचन दिलें होतें. कायद्यांत ‘आशिया’ हा शब्द घालणें म्हणजे तें वचन काळ्या शाईनें मोडणें. तेव्हां नाताळच्या कायदेपंडितांनीं १८९६ मध्यें दुसरा मसुदा केला. ज्या देशांत लोकनियुक्त प्रातिनिधिक संस्था नाहींत, त्या देशांतून आलेल्यांना मत नाहीं, एवढेंच त्यांत म्हटलें होतें. हा मसुदा मात्र सुखरूप पार पडला. नांव न घेतां माणूस वगळतां येतो, हा धडा नाताळ येथें शिकलें.

त्याच वर्षाच्या अखेरीस गांधीजी कुटुंबासह हिंदुस्थानांतून परत येत होते. ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ या दोन आगबोटी मुंबईहून डिसेंबरांत डर्बनच्या बंदरापाशीं आल्या. मुंबईस त्या वेळीं प्लेगचा उपद्रव चालू होता हें खरें. परंतु क्वारंटीनचे दिवस वाढत गेले ते केवळ प्लेगच्या भीतीनें नव्हे. किनाऱ्यावर गोऱ्यांच्या सभा भरत होत्या, आणि या लोकांना उतरूं देऊं नका म्हणून सरकारावर दडपण येत होतें. सुमारें आठशें उतारू साडेतीन आठवड्यांहून अधिक काळ समुद्रांतच राहिले. शेवटीं १३ जानेवारी १८९७ रोजीं ते उतरले. त्या दिवशीं गांधीजींवर जमावानें हल्ला केला, पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नीनें छत्री उघडून त्यांना आडोसा दिला, आणि रात्रीं शिपायाच्या वेषांत त्यांना घरांतून बाहेर काढावें लागलें, ही कथा आपल्याकडे सुपरिचित आहे. तिचें उत्तरार्ध मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. जमावाला जें दगडांनीं साधलें नाहीं, तें त्याच वर्षीं कायदेमंडळानें कागदानें साधलें.

१८९७ चा १४ वा कायदा हा तो कागद. वसाहतींत नव्यानें येणाऱ्या माणसानें, अधिकाऱ्यानें फर्माविल्यास, एक ठरावीक नमुन्याचा अर्ज यूरोपांतील कोणत्या तरी भाषेच्या लिपींत स्वतः लिहून सही केला पाहिजे. तें न जमल्यास तो निषिद्ध आगंतुक. सबंध कलमांत हिंदु नाहीं, मुसलमान नाहीं, आशिया नाहीं, काळा-गोरा हा भेद नाहीं. आणि कौतुकाची गोष्ट अशी कीं, सरकारी योजनेखालीं येणाऱ्या गिरमिटियांना ही अट लागू नव्हती. मळ्यांत राबण्यास येणारा निरक्षर असला तरी चालत होता; दुकान मांडण्यास येणारा तेवढा यूरोपीय अक्षरें गिरविलेला हवा होता. त्याच वर्षीं दुकानांच्या परवान्यांचाहि कायदा झाला, आणि त्यांत जमाखर्च इंग्रजींत ठेवण्याची अट आली.

येथें जरा थांबावेंसें वाटतें. लिहितां येणें म्हणजे काय, याचा निवाडा या कायद्यानें करून टाकला होता. मोडींत झरझर वही ओढणारा कोंकणांतला कारकून, गुजराथी अक्षरांत पेढीची उलाढाल सांभाळणारा सुरतेचा शेटजी, अरबी-फारसी जाणणारा मौलवी, तामिळ ग्रंथ मुखोद्गत असलेला पंडित, हे सारे डर्बनच्या धक्क्यावर एका ओळींत उभे केले तर कायद्याच्या दृष्टीनें सर्व अडाणी. ज्या मुलांच्या पाटीवर मीं पहिला ‘श्री’ काढून दिला, त्यांचीं अक्षरें म्हणजे अक्षरेंच नव्हेत, असें म्हणणाऱ्या कायद्याविषयीं मला तटस्थपणें बोलतां येणें कठीण आहे, हें मी आधींच सांगून ठेवतों.

नमुन्याचा अर्ज म्हणजे पाठ करतां येण्याजोगी वस्तु. ती पळवाटहि लवकरच बुजली. १९०३ च्या सुधारलेल्या कायद्यानें ठरावीक नमुना काढून टाकला, आणि लिहिलेला अर्ज मंत्र्याचें समाधान होईल असा असावा, एवढेंच ठेवलें. परीक्षकाचें समाधान हीच परीक्षा! आमच्या एखाद्या इन्स्पेक्टरसाहेबांनींहि उघडपणें असा नियम केला नसता.

आतां नाताळचें हें पिल्लू साम्राज्यभर कसें पसरलें तें पाहूं. १८९७ मध्येंच राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास साठ वर्षें झालीं, आणि त्या उत्सवासाठीं स्वराज्य असलेल्या ११ वसाहतींचे मुख्य मंत्री लंडनला जमले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनीं त्यांच्यापुढें जें भाषण केलें त्याचा आशय असा: तुम्हांला आशियांतील लोकांचे लोंढे नको आहेत हें मला समजतें, परंतु साम्राज्यांत वर्णावरून भेद करीत नाहींत ही आपली परंपरा आहे, आणि हिंदी प्रजेला दुखविणें योग्य नाहीं, तेव्हां नाताळनें जी रीत काढली तिचा विचार करा. काम तेंच, शब्द मात्र निराळे वापरा, असा हा गुरूपदेश होता. शिष्यांनीं तो तत्काळ उचलला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स, टास्मानिया या वसाहतींनीं एकामागून एक नाताळच्या नमुन्याचे कायदे केले. तिकडे अमेरिकेंतहि साक्षरतेच्या अटीचें विधेयक त्याच सुमारास पुढें आलें होतें, पण अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं तें १८९७ मध्यें फेटाळलें. १९१७ मध्यें तेथें तो कायदा झाला तेव्हां परीक्षा कोणत्याहि भाषेंत देण्याची मुभा होती. मात्र आशियाचा मोठा भाग रेघ ओढून सरळ वगळलेला होता. अमेरिकेचा मार्ग निराळा. तिनें राणीचा जाहीरनामा काढलेला नव्हता.

ऑस्ट्रेलियांतील सहा वसाहती एक होऊन १९०१ सालीं संघराज्य झालें, आणि त्या नव्या पार्लमेंटनें पहिल्याच वर्षीं जे महत्त्वाचे कायदे केले त्यांत हा एक होता. मजूरपक्षाला कायद्यांत वर्णाचा स्पष्ट उल्लेख हवा होता. सरकारनें नाताळची रीत पसंत केली, कारण लंडनला तीच पसंत होती. मूळ मसुद्यांत इंग्रजी उतारा लिहिण्याची अट होती. मग शंका निघाली: इंग्रजी न येणारे जर्मन, स्वीडिश लोक अडकतील, उलट इंग्रजी शिकलेले हिंदी व जपानी लोक सहज आंत येतील. म्हणून ‘इंग्रजी’ खोडून ‘यूरोपीय भाषा’ असा शब्द घालण्यांत आला, आणि ती भाषा कोणती तें अधिकाऱ्यानें ठरवावयाचें. अधिकाऱ्यानें ५० शब्दांचा उतारा वाचावा, आगंतुकानें तो त्याच्यासमक्ष लिहावा. लिहितां न आल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हद्दपारी; अशा माणसाला घेऊन येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला माणशीं १०० पौंड दंड. आपल्या मनांत काय आहे हें पार्लमेंटच्या चर्चेंत कोणीं लपवून ठेवलें नाहीं. त्या वेळचे ॲटर्नी-जनरल आल्फ्रेड डीकिन यांनीं तर जपानी लोकांचे दुर्गुण नव्हे, सद्गुणच आम्हांला भयावह आहेत, अशा अर्थाचे उद्गार काढले. चिकाटी, काटकसर, उद्योग हे गुण आम्ही मुलांना शिकवितों. तेच गुन्हे ठरलेले पाहण्याचा हा विरळा प्रसंग.

या परीक्षेची खुबी अशी कीं, नापास करण्याचें आधीं ठरे आणि मग भाषा निवडली जाई. ज्याला आंत घ्यावयाचें त्याला परीक्षाच नसे. ज्याला घ्यावयाचें नाहीं त्याला न येणारी भाषा. माणूस उतरून गांवांत राहूं लागला तरी एक वर्षापर्यंत केव्हांहि बोलावून ही परीक्षा घेतां येई. ही मुदत पुढें वाढवीत पांच वर्षांवर नेली. रॅंग्लर परांजपे यांच्यासारखा केंब्रिजचा पहिला गणितीहि फिनिश भाषेंतील उताऱ्यापुढें हात टेकता. आंकडेच पाहा. १९०२ व १९०३ या दोन वर्षांत ही परीक्षा ८०५ वेळां घेतली गेली, आणि ४६ जण उत्तीर्ण झाले. १९०४ ते १९०९ या काळांत ५५४ परीक्षा, उत्तीर्ण अवघे ६. त्यानंतर एकहि उत्तीर्ण झाला नाहीं. विद्यार्थी बिघडत गेले असें म्हणवत नाहीं. परीक्षक तरबेज होत गेले.

जपाननें यावर निषेध नोंदविला होता. आमचा आक्षेप निर्बंधाला नाहीं, आम्हांला अप्रगत लोकांच्या पंक्तीस बसविण्याला आहे, असा त्याचा सूर होता. जपान प्रबल राष्ट्र होतें. त्याचा मान राखण्यासाठीं १९०५ मध्यें ‘यूरोपीय भाषा’ हे शब्द काढून ‘नियमांनीं विहित केलेली कोणतीहि भाषा’ असे शब्द घातले. म्हणजे आतां जपानी किंवा मराठीहि चालावयास हरकत नव्हती. मात्र यूरोपाबाहेरची एकहि भाषा शेवटपर्यंत विहित झाली नाहीं. आदल्या वर्षीं, १९०४ मध्यें, जपान आणि हिंदुस्थान यांच्यापुरती एक सवलत निघाली होती: व्यापारी, विद्यार्थी व प्रवासी यांनीं आपल्या सरकारचा पासपोर्ट आणल्यास त्यांना शुद्धलेखनाशिवाय बारा महिने राहतां यावें. परीक्षेच्या जागीं कागद आला तो असा. पासपोर्टचा इतिहास लिहिणारे बहुधा महायुद्धापासून आरंभ करतात. आमच्या लोकांच्या बाबतींत तो कांहीं वर्षें मागें न्यावा लागेल.

आणि जे आधींपासून तेथें राहत होते त्यांचें काय? पंजाबांतून गेलेले फेरीवाले होते, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत उंटांचे तांडे हांकणारे बलुची, पठाण व पंजाबी लोक होते. त्यांना गांवीं आईबापांस भेटून परत यावयाचें असलें तर निघण्यापूर्वीं परीक्षामाफीचा दाखला काढावा लागे. त्या दाखल्यावर समोरून एक आणि बाजूनें एक असे फोटो, आणि पाठीमागें शाईंत बुडवून उठविलेला पंजा. मुदतींत परतलें नाहीं तर वीस वर्षांची वस्तीहि कामास येत नसे.

अन्यायाचें हत्यार एकदां हातीं आलें कीं तें ज्याच्यासाठीं घडविलें त्याच्यापुरतें राहत नाहीं. १९३४ मध्यें एगॉन किश नांवाचे प्राग येथील पत्रकार युद्धविरोधी परिषदेसाठीं ऑस्ट्रेलियास गेले. ते हिटलरचे विरोधक व डाव्या मताचे. सरकारला ते नको होते. मेलबर्नला उतरूं देईनात, तेव्हां त्यांनीं जहाजावरून धक्क्यावर उडी घेतली आणि पाय मोडून घेतला. पुढें सिडनीला त्यांची परीक्षा घेण्यांत आली. गृहस्थ यूरोपांतील अनेक भाषा जाणणारे; म्हणून त्यांच्यासाठीं उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतील गेलिक भाषा निवडली. ते नापास झाले. प्रकरण हायकोर्टांत गेलें. तेथें उतारा वाचणाऱ्या पोलिसालाच त्या मजकुराचा अर्थ नीट सांगतां येईना! कोर्टानें बहुमतानें ठरविलें कीं स्कॉटिश गेलिक ही या कायद्याच्या अर्थानें यूरोपीय भाषा नव्हे. किश सुटले, ऑस्ट्रेलियांतील स्कॉच मंडळी मात्र या निकालानें संतापली. पुढें १९३६ मध्यें लाहोरांत जन्मलेल्या एका इंग्रज बाईस इटालियन भाषेंत शुद्धलेखन घालून परत पाठविलें, आणि त्यावर एवढा गहजब झाला कीं दुसऱ्या वर्षीं तिला आंत घ्यावें लागलें. लाहोरांत जन्मलेल्या हिंदी बाईसाठीं कोणीं गहजब केला असता असें वाटत नाहीं.

कॅनडानें शुद्धलेखनाऐवजीं भूगोलाची परीक्षा काढली. ८ जानेवारी १९०८ च्या हुकुमानें असें ठरलें कीं, आपल्या जन्मदेशांतून वा नागरिकत्वाच्या देशांतून निघून मध्यें कोठेंहि न थांबतां, तेथेंच काढलेल्या सलग तिकिटावर आलेल्यासच कॅनडांत प्रवेश मिळेल. येथेंहि हिंदुस्थानचें नांव नाहीं. पण नकाशा उघडून पाहा: कलकत्त्याहून व्हँकूव्हरपर्यंत सलग प्रवास सामान्यतः नव्हताच. सलग तिकीट देऊं शकणारी एक कंपनी होती, तिला तीं तिकिटें न विकण्याविषयीं सरकारनें बजावलें. शिवाय आशियाई माणसाजवळ २०० डॉलर असले पाहिजेत, हीहि अट त्याच वर्षीं आली. १९१३ मध्यें ‘पनामा मारू’ जहाजानें आलेल्या पंजाबी उतारूंच्या प्रकरणांत तेथील कोर्टानें या हुकुमांचे शब्द मूळ कायद्याशीं जुळत नाहींत म्हणून ते रद्द ठरविले. सरकारनें शब्द जुळवून घेतले आणि हुकूम पुन्हां काढले.

पुढें गुरुदित्तसिंग यांनीं ‘कोमागाता मारू’ हें जपानी जहाज भाड्यानें घेतलें. ३७६ उतारू, बहुतेक शीख, कांहीं मुसलमान व हिंदु. २३ मे १९१४ रोजीं तें व्हँकूव्हरच्या बंदरांत आलें आणि दोन महिने किनारा समोर दिसत असतां तेथेंच उभें राहिलें. अन्नपाण्याची टंचाई झाली. जहाजावर चढूं पाहणाऱ्या पोलिसांना उतारूंनीं दगडी कोळशाच्या माऱ्यानें परतविलें, तेव्हां ‘रेनबो’ ही लढाऊ नौका आणून तिच्या तोफांच्या सावलींत २३ जुलै रोजीं जहाज परत धाडलें. २४ जणांना तेवढें उतरूं दिलें होतें. महायुद्ध पेटलेल्या समुद्रांतून तें सप्टेंबरांत कलकत्त्याजवळ बजबज येथें पोंचलें, आणि २९ सप्टेंबर रोजीं तेथें झालेल्या गोळीबारांत सुमारें २० उतारू मारले गेले. परक्यांच्या बंदरांत उपाशी ठेवलेल्यांना मरण आलें तें स्वतःच्या देशांत उतरल्यावर. कॅनडाच्या पंतप्रधानांनीं या प्रकरणीं पार्लमेंटांत माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजीं.

आतां एका प्रश्नाकडे वळतों, जो मला या सगळ्या वाचनांत सर्वांत अधिक छळीत राहिला. उघड अन्याय करणारा कायदा बरा, कीं आडपडद्यानें करणारा? ट्रान्सवालांत १९०७ मध्यें दोन कायदे एकत्र आले. आशियाई लोकांनीं बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, हा एक. दुसरा प्रवेशाचा, यूरोपीय भाषेच्या परीक्षेचा. त्यांत यहुद्यांची यिद्दिश भाषा यूरोपीय समजावी असें स्पष्ट लिहिलें होतें, म्हणजे भाषेची व्याख्या हवी तेव्हां सैल होत होती. परंतु इंग्रजी शिकलेला हिंदी माणूस या दुसऱ्या दारानें आला, तरी पहिल्या कायद्याच्या कचाट्यांत सांपडे. सोराबजी शापुरजी अडाजानिया हे इंग्रजी जाणणारे पारशी गृहस्थ जून १९०८ मध्यें मुद्दाम या कायद्याची कसोटी पाहण्यासाठीं ट्रान्सवालांत शिरले. सीमेवर त्यांना कोणीं अडविलें नाहीं; पुढें नोंदणी नाहीं म्हणून त्यांना एक महिन्याची सक्तमजुरी झाली.

गांधीजींची मागणी काय होती? सर्वांना दरवाजे उघडा, ही नव्हे. कायद्यांत वंशाचें नांव नको. वर्षास सहा सुशिक्षित हिंदी लोकांना सर्वसामान्य कायद्याखालीं येऊं द्या. बाकीच्यांना अधिकाऱ्यानें परीक्षेच्या कडकपणानें अडविलें तरी आम्ही तूर्त सोशीन, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणजे ज्या नाताळच्या रीतीचा मला एवढा संताप येतो, तीच ते मागत होते! प्रथम वाचलें तेव्हां मला तें मुळींच रुचलें नाहीं. परीक्षेचें सोंग मान्य करणें म्हणजे सोंगाला प्रतिष्ठा देणें, असें मला वाटलें, आणि आजहि माझें मन पुरतें निवळलेलें नाहीं. परंतु खटल्यांचे वृत्तांत वाचीत गेलों तसें त्यांचें म्हणणें समजूं लागलें. १९०८ मध्यें ऑस्ट्रेलियांत जन्मलेला, लहानपणीं बापाबरोबर चीनला गेलेला एक मनुष्य २६ वर्षांनीं परतला व शुद्धलेखनांत नापास झाला; जन्मभूमींत परतणारा आगंतुकच नव्हे, असें म्हणून हायकोर्टानें त्याला सोडविलें. किश सुटले ते एका शब्दाच्या अर्थावर. पनामा मारूचे उतारू सुटले तेहि शब्दावर. ज्या कायद्याला समानतेचा मुखवटा घालावा लागतो, त्याला कोर्टांत त्या मुखवट्याप्रमाणें वागविण्याची थोडी तरी संधि राहते. ‘आशियाई’ असें लिहून ठेवलेल्या कलमापुढें बॅरिस्टर काय बोलणार? गांधीजी बॅरिस्टर होते, मी मास्तर. आमच्या दृष्टींतील फरक कदाचित् एवढाच असेल.

ऑक्टोबर १९१२ मध्यें नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. नाताळकडे गिरमिटिये पाठविणें बंद करावें असा ठराव त्यांनीं १९१० मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत मांडून मंजूर करून घेतला होता, आणि जुलै १९११ पासून ती भरती थांबली होती. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या गांधीजींनीं एक आग्रह धरला: हिंदी लोकांच्या सभेंत आपण इंग्रजींत नव्हे, मराठींत बोलावें, मी हिंदुस्थानींत भाषांतर करीन. जोहान्सबर्गला कोंकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदु होते. गोखल्यांनीं गांधीजींच्या हिंदुस्थानीची थट्टा केली, पण ऐकलें; आणि तेथून परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत अशा सभांत ते मराठींतच बोलले. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतला. श्रोत्यांतले कोंकणी मुसलमानहि त्याच किनाऱ्याचे. ज्या भूमींत मराठी अक्षराला अक्षर म्हणून मोल नव्हतें, तेथें फर्ग्युसन कॉलेजचा हा जुना प्राध्यापक आपल्या भाषेंत बोलत उभा आहे, हें चित्र मला फार आवडतें. पुढच्याच वर्षीं, १९१३ मध्यें, दक्षिण आफ्रिकेच्या नव्या कायद्यानें राहणीच्या किंवा आर्थिक कारणांवरून अयोग्य वाटेल त्या वर्गाला अडविण्याचा अधिकार मंत्र्याला दिला, आणि तो सर्व आशियाई लोकांना लावण्यांत आला. शुद्धलेखनाचीहि फारशी गरज उरली नाहीं.

ऑस्ट्रेलियांत तें चालूच होतें. गोखल्यांचे उत्तराधिकारी श्रीनिवास शास्त्री, जे स्वतः हेडमास्तर होते, १९२२ मध्यें तेथें जाऊन आले, आणि तेथें राहणाऱ्या हिंदी लोकांना १९२५ मध्यें संघराज्याचें मत मिळालें. दारावरची परीक्षा तशीच राहिली. १९४४ मध्यें हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून तेथें गेले ते आमचे रॅंग्लर परांजपे. त्यांना अर्थातच कोणीं शुद्धलेखन घातलें नाहीं; परंतु ज्या देशांत ते तीन वर्षें आपल्या देशाचे वकील म्हणून राहिले, त्याच्या कायद्यांत ते पन्नास शब्द तेव्हांहि होते. १९५८ च्या नव्या कायद्यानें ते गेले, आणि प्रवेशाचा परवाना देणें न देणें हें सरळ मंत्र्याच्या व अधिकाऱ्यांच्या मर्जीवर आलें. वर्णावरून निवड करण्याचें धोरण पुरतें मोडलें तें १९७३ मध्यें.

त्या परीक्षामाफीच्या दाखल्यांच्या हजारों प्रती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत फेटेवाले फेरीवाले आहेत, उंटवाले आहेत, चिनी माळी आहेत; एकदां समोरून, एकदां बाजूनें. कागद उलटला कीं पाठीवर उघडा पंजा, पांचहि बोटें पसरलेलीं, आणि त्याच्याजवळ अधिकाऱ्याची सही.